नानांचा खिसा

निम्मा धुळे जिल्हा नानांनी औषधानं झोपवला आणि उरलेला गप्पांनी. नाना भूलतज्ज्ञ. अमळनेरला माझ्या प्रसूतिगृहात सिझेरियनसाठी ते धुळ्याहून स्कूटरवर यायचे. त्या स्कूटरचा आवाज ऐकून अडलेल्या बायका आपोआप सुटायच्या, असं मी सांगतो. चारपैकी एकीच्या बाबतीत ते खरंही असेल.

पूर्ण भूल द्यायची असली की नानांची एक रीत ठरलेली. फेंटानिलची भरलेली, टोपण लावलेली सिरिंज खिशात ठेवायची आणि मोकळा झाला की डावा हात त्यावर. हे अफूच्या घराण्यातलं औषध. आईची वेदना मारतं, पण नाळेतून पोचलं तर बाळ श्वास घ्यायचा आळस करतं. मी घाई केली की म्हणायचे, "पोऱ्या रडू दे, मंग देसू." नाना भांडायचे शुद्ध मराठीत, निर्णय मात्र अहिराणीत द्यायचे.

नशिराबादला दिलेली सुनंदा माहेरी बाळंतपणाला आली. तिचा रक्तदाब बघून सिस्टरचाच वाढला. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी, म्हणून पाठीतली सुई बाद. पूर्ण भुलीत घशात नळी घालताना दाब आणखी उसळतो, डोक्यातली शीर फुटू शकते; फेंटानिल आधी दिलं तर ती उसळी दबते. नानांनी खिशातली सिरिंज काढली आणि बालरोगतज्ज्ञ आल्याशिवाय कोणी कशाला हात लावायचा नाही, असं बजावलं.

मी म्हटलं, "नाना, पोऱ्या रडायच्या आधी?"

"झोपेल पोऱ्याले उठाडता येस. मायनं डोकं फुटनं तर कोन शिवी?"

बालरोगतज्ज्ञ येऊन उभे राहिले. नानांनी औषध दिलं, नळी घातली. दाब जागचा हलला नाही. मी बाळ काढलं. ते ओल्या फडक्यासारखं लोंबलं. रडणं नाही. माझे हात थांबले. नानांनी यंत्रावरची नजर न काढता सांगितलं, "झोपेल शे, मरेल नई. तू टाका घाल."

बालरोगतज्ज्ञ तोंडावर मास्क धरून पिशवी दाबत राहिले. लोकांना मी दहा मिनिटं सांगतो, एक असेल. मग मांजराएवढा आवाज आला, आणि मग असा, की सोनगीरच्या किल्ल्यावर ऐकू गेला असेल.

सुनंदा तासाभरात शुद्धीवर आली, बाळ मागू लागली.

नाना गेल्या वर्षी गेले. त्यांच्याबद्दल मी पुष्कळ थापा मारतो. ही त्यातली नाही: बाळ रडलं तेव्हा नानांचा डावा हात सवयीनं खिशाकडे गेला, आणि रिकाम्या खिशावर बराच वेळ तसाच राहिला.