दगडाबाईचा उजवा खांदा

पाथर्डीकडच्या दगडाबाईनं उभ्या आयुष्यात "दुखतंय" हा शब्द तोंडातून काढला नव्हता. याला कोणी सोशिकपणा म्हणू नये. ती भीती होती. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. बाईच्या डोक्यावर उसाची मोळी चढत नसेल, तर अख्खा कोयता बाद. टोळीतल्या कडूबाईनं एकदा दुखरी कंबर धरली, तेव्हा अंगद मुकादम सगळ्या टोळीदेखत म्हणाला होता, "ज्याला दुखतंय त्यानं घरी बसावं." कडूबाईचं जोडपं त्या साली गावातच राहिलं. तेव्हापासून दगडाबाईला त्या माणसाचं तोंड बघवत नसे, पण टोळी त्याचीच, म्हणून ती गप्प.

आता दसरा, म्हणजे टोळी निघायची वेळ, तोंडावर आली आणि उजवा हात वर जाईना. मुलानं, कल्याणनं, तिला दामटून नगरला शॉकवेव्हच्या, म्हणजे दुखऱ्या जागी मशीनचे ठोके देणाऱ्या, दवाखान्यात आणलं.

"मावशी, नेमकं कुठं दुखतं ते सांगा," फिजिओथेरपिस्ट मधुवंती खांदा चाचपत म्हणाली. "तिथंच मशीन लावायचंय."

"कुठंच न्हाई."

मधुवंतीनं अंदाजानं ते पिस्तुलासारखं मशीन टेकवलं. टकटक ठोके बसले. दगडाबाईचा चेहरा हलला नाही. दोन खेपा अशाच पाण्यात गेल्या.

"आय, मग तुला आणलं कशाला?" कल्याण चिडला. तिनं असं पाहिलं की तो बाहेरच जाऊन बसला.

तिसऱ्या खेपेला पडद्यापलीकडं कोणीतरी बोंबलत होतं. "आई गं! हळू, बाई, जीव जाईल माझा."

"अंगदराव, अजून सगळ्यात कमीवरच आहे," मधुवंतीचा आवाज आला.

दगडाबाईनं पडदा सारला. मुकादम पालथा पडला होता, टाचेवर मशीन, डोळ्यांत पाणी. तिला बघताच त्याची नजर तिच्या खांद्यावर गेली, बैलबाजारात जाते तशी.

"खांदा गेला का गं तुजा?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोललं तर यंदाचा कोयता गेला, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं मधुवंतीचं बोट धरून खांद्याच्या मागं टेकवलं.

"हितं. लई दुखतंय. लई वर्सं झाली."

"ऐकू येतंय, मावशी. एवढ्या मोठ्यानं कशाला?"

"तुमाला न्हाई, त्यास्नी सांगतीय. मुकादम, ज्याला दुखतंय त्यानं घरी बसावं, न्हवं? मग आदी तुमी उठा."

मुकादमानं तोंड उशीत खुपसलं. मधुवंतीनं तिला पलीकडच्या खाटेवर बसवून मशीन नेमक्या जागी लावलं, आणि दगडाबाई मनसोक्त ओरडली.