अकरा कार्डांवरची एकच ओळ

मी श्टाइनहास्लाखची टपालवाली. लढाईत पुरुष गेले तेव्हा ही पिशवी माझ्या खांद्यावर आली, ती अजून आहे. फौजेचं पाकीट घेऊन निघाले की बायका मला बघून दारं लावून घ्यायच्या. जशी काही मीच गोळी झाडून आले होते!

ओटमार रीडिंगर गुरुजी आमच्या शाळेचे मास्तर. तरुणपणी पदरच्या खर्चाने वर्षभर पलटणीत राहिले होते, म्हणून चौदा साली एकदम लेफ्टनंट होऊन गेले. ज्या पोरांना वाचायला शिकवलं, तीच त्यांच्या कंपनीत. स्टेशनावर आम्ही मूर्खांनी त्यांच्या बंदुकांत फुलं खोवली. पुढे गुरुजी कंपनीचे प्रमुख झाले, शौर्याबद्दल लोखंडी क्रॉस मिळाला. अठरा साली नाताळाच्या आधी परत आले आणि दुसऱ्या दिवशी खडू हातात घेतला. पूर्वी छडी वाजायची. आता वर्गात कितीही दंगा होवो, माणूस खिडकीपाशी उभा. शेवटी "झालं का?" एवढंच विचारायचे.

अकरा जण परतले नाहीत. त्यात माझा नवरा आल्बान. सगळ्यांच्या मरणाची पत्रं गुरुजींच्या हातची, आणि वाटली मी. आमच्यात माणूस गेला की फोटो नि मरणाची हकिगत छापलेलं छोटं कार्ड चर्चमध्ये वाटतात, ते प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवायचं. हकिगत गुरुजींच्या पत्रातूनच उतरवलेली. चार वर्षांत एकेक करून कार्डं आली, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

एकोणीस साली, मृतात्म्यांच्या दिवशी, वालबुर्गा हेफेलेने अकराही कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडली. तिचा किलियान एकुलता एक. मी टपाल द्यायला गेले होते.

"सेंझ, वाच."

"पाठ आहेत मला, काकू."

"मोठ्याने वाच!"

कपाळात गोळी, तत्क्षणी मरण, वेदना नाही. अकरा वेळा.

"सगळ्यांच्या कपाळातच? फ्रेंचांचा नेम भारीच म्हणायचा," ती म्हणाली. बटाटे चुलीवर करपत होते, तिने उतरवले नाहीत.

माझं डोकंच फिरलं. गावभर माझ्या तोंडाला लोक उगाच नाही भीत. "चला, आत्ताच्या आत्ता जाब विचारू," म्हणत मीच तिला हाताला धरून शाळेत नेलं.

शाळा सुटली होती. गुरुजी फळा पुसत होते. वालबुर्गाने कार्डं पुढ्यात ठेवली. त्यांनी पाहिली आणि हात पँटला पुसले.

"माझ्याकडे एवढं एकच वाक्य होतं," ते म्हणाले.

"माझ्या पोराचं मरण मला द्या, गुरुजी. गावजेवणासारखं सगळ्यांना वाढलेलं नको."

"जाऊ द्या, काकू."

"काय जाऊ द्या? पोटचा गोळा होता माझा! तुमच्या हवाली केला होता."

मग त्यांनी सांगितलं. भूगोल शिकवावा तशा आवाजात. किलियान काटेरी तारांच्या पलीकडे पडला होता, पोटात लागलं होतं. सोमवारच्या पहाटेपासून मंगळवारच्या संध्याकाळपर्यंत. एक जण आणायला गेला, तो तारेपाशीच मेला. आणखी दोघे निघाले, त्यांना गुरुजींनी बंदूक रोखून अडवलं.

"कुणी बोललं का त्याच्याशी?" तिने विचारलं.

"मी. खंदकातून. दुसरं सुचेना, म्हणून पाढे म्हणवून घेतले. सातच्या पाढ्यापर्यंत म्हणाला."

वालबुर्गा पोरांच्या बुटक्या बाकावर बसली. तिने किलियानचं कार्ड तेवढं उचलून ॲप्रनच्या खिशात घातलं. ती रडली नाही. "म्हणजे एकटा नव्हता," असं दोनदा म्हणाली.

गुरुजी माझ्याकडे वळले. "आणि सेंझ, आल्बानचं..."

एवढी तोंडाळ बाई मी, पण दाराकडे सरकले. भीती वाटली, सरळ सांगते.

"त्याच्या कपाळातच असू द्या, गुरुजी," म्हणाले, आणि वालबुर्गाला तिथेच बाकावर सोडून बाहेर पडले.