ताटातलं घड्याळ

तुंगार्लीच्या तळ्याच्या वरच्या अंगाला शेठचा बंगला होता आणि त्या बंगल्यात बहिरू माळी होता. माळी आपला नावाला. आंब्यांची आळी खणणं, विहिरीचा पंप चालू करणं, पाहुणे आले की कोंबडी पैदा करणं, पावसाआधी छपरावर चढून कौलं सारखी करणं, सगळं त्याच्याच गळ्यात. पण त्याला स्वतःला जे काम मोठं वाटे ते जेमतेम पाच मिनिटांचं होतं. रोज सकाळी आठ वाजता तो हातपाय धुवायचा, धोतराच्या सोग्यानं हात कोरडे करायचा, लोखंडी कपाट उघडायचा आणि शेठच्या चार घड्याळांना चावी द्यायचा.

चारही घड्याळं स्वित्झर्लंडची. एक चौकोनी, दोन जाडजूड, आणि चौथं पातळ, सोन्याच्या कडेचं, पांढऱ्या तबकडीचं, तपकिरी कातडी पट्ट्याचं. चावी कशी द्यायची हे बाजारातल्या मेहबूब घड्याळजीनं त्याला शिकवलं होतं. बोट अडलं की थांबायचं, जोर करायचा नाही. नुसतं ठेवून दिलं तर आतलं तेल आळतं, चालतं ठेवलं तर टिकतं. बहिरूला अंगठ्याखाली ती चावी फिरताना बारीक करकर लागे आणि त्याला बरं वाटे. इतकं बरं का वाटावं, हे त्याला कधी सांगता आलं नसतं.

शेठ महिन्यातनं एकदा शनिवारी मुंबईहून यायचे. आल्या आल्या कपाट उघडून चारही घड्याळं टेबलावर मांडायचे, भिंगातून पाहायचे आणि पुन्हा मखमलीत ठेवायचे. त्यांच्या मनगटावर मात्र काही नसे. "जमिनीला कूळ लागतं, सोन्यावर सरकारची नजर, शेअरचा भरवसा नाही," ते सांगायचे. "हे मुठीत मावतं आणि वर्षाला भाव चढतो. पण कोरं राहिलं तर. एकदा कुणाच्या हातात चढलं की ते जुनं झालं. कळलं ना, बहिरू? चावी द्यायची, हातात घालायचं नाही."

"व्हय शेठ."

"बरं, किती वाजले?"

चार घड्याळांचा मालक आपल्याला वेळ विचारतो याची बहिरूला गंमत वाटायची, पण ती तो पोटातच ठेवायचा. ही घड्याळं मुंबईच्या घरी का नाहीत, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि शेठनी कधी सांगितलं नाही.

अडुसष्ट सालच्या माघात बहिरूच्या लेकीचं, शालनचं कार्ल्याला जमत आलं. मुलगा कान्हू, थोडी भातशेती आणि हमरस्त्याला चहाचं हॉटेल. बाप सखाराम शांत माणूस, आई नाही, आजी बयाबाई. मुलगी पसंत होती, मुलगा पसंत होता, फक्त बोलणी करून सुपारी फोडायची राहिली होती. त्यासाठी टाकव्याहून जानूआबा आदल्या दिवशीच येऊन राहिला होता. जानूआबा बहिरूचा चुलता. कुठलीही बैठक त्याच्यावाचून अडायची नाही, आणि तो असला की संपायचीही नाही.

त्या सकाळी बहिरूनं नवं धोतर नेसलं, शेठचा जुना कोट अंगात चढवला आणि निघण्याआधी नेहमीप्रमाणे कपाट उघडलं. तीन घड्याळांना चावी दिली. चौथ्याला दिली. मग कोटाच्या बाहीतून निघालेलं स्वतःचं रिकामं मनगट त्याला दिसलं. नुसतं बघावं म्हणून त्यानं पट्टा लावला. कपाटाच्या दारावर आरसा होता, त्यात पाहिलं. आरशातला माणूस मुलीचा बाप शोभत होता. एवढ्यात बाहेरून बायकोची, गंगीची हाक आली, "आवं, यस्टी जाईल," आणि बहिरूनं कपाट लावलं, बाही खाली ओढली आणि तो निघाला. पट्टा सोडायला किती वेळ लागतो ते त्याला ठाऊक होतं. त्यानं सोडला नाही, एवढं खरं.

यस्टीत त्यानं चारदा वेळ पाहिली. कुणी विचारलं नव्हतं.

सखारामच्या ओटीवर घोंगड्या अंथरल्या होत्या. गावचे पाच जण बसले होते. मधे पितळी ताट, त्यात नारळ, विडे, खडीसाखर, खण. त्या घरची रीत साधी होती. मुलीकडच्यांनी ताटात ठेवलं आणि त्याला हळदकुंकू लागलं की ती वस्तू मुलाकडची. मग मुलाकडच्यांनी लग्नात त्याच्या तोडीचं मुलीच्या अंगावर घालायचं. म्हणून दोन्हीकडचे शहाणे लोक ताटात बेतानंच ठेवत.

पाणी घेताना बहिरूची बाही वर सरकली. सखारामनं पाहिलं.

"पाव्हणं, घड्याळ लय भारी दिसतंय."

बहिरू तोंड उघडणार तोच जानूआबा बोलला. "भारी म्हंजे? इलायती हाय. आमच्या बहिरूचं समदं असंच. बगा की, हातात घेऊन बगा."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं, शेठचं हाय. पण पाच माणसं बघत होती, शालनच्या नशिबाची बैठक होती, आणि तोवर त्याची बोटं पट्टा सोडू लागली होती. सखारामनं घड्याळ घेतलं, कानाला लावलं, मान डोलावली. मग कुणीतरी सुपारी फोडायला सखारामच्या हाती अडकित्ता दिला. हात मोकळा पाहिजे म्हणून त्यानं घड्याळ समोर ताटाच्या कडेला ठेवलं.

बयाबाईला डोळ्यांनी कमी दिसायचं. ती हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली, चाचपत नारळाला लावलं, खणाला लावलं, विड्यांना लावलं. बोटांना पट्टा लागला. सोन्याचं काहीतरी चकाकलं. तिनं ओलं बोट पुन्हा हळदीत बुडवलं आणि घड्याळाला दोन बोटं हळद, वर कुंकू लावलं.

सुपारी फुटली. पाच जण "झालं, झालं" म्हणाले. एकटा जानूआबा गप्प झाला, आणि तेव्हाच बहिरूला कळलं की आपण पुरते बुडालो.

पंगत बसली. गुळवणी, पोळ्या, आमटी. बहिरू पोळीचे नुसते तुकडे करत राहिला. परत मागावं तर सोयरीक पहिल्याच दिवशी मोडणार. न मागावं तर शनिवारी शेठ कपाट उघडणार, मखमलीवर तीन घड्याळं दिसणार, आणि पुढं काय ते सांगायला पोलीस येणार. पंधरा वर्षांत बंगल्यातली एक चमची इकडची तिकडे झाली नव्हती. समोर सखारामही पोळी नुसती कुस्करत बसला होता. बहिरूला वाटलं, याला आपली लबाडी कळली.

जेवणं उरकली आणि सखाराम बैलांना पाणी दाखवायला गोठ्यात गेला. बहिरू त्याच्या मागं गेला. दावणीजवळ उभं राहून, बैलाकडं बघत त्यानं सांगून टाकलं.

"सखारामभाऊ, त्ये घड्याळ माजं न्हाई. शेठचं हाय. मी नुसती चावी देतो. मिरवायला घालून आलो. जानूआबा बोलला आन् मी गप ऱ्हायलो. चूक माजी हाय, पोरीची न्हाई."

सखारामच्या हातात पाण्याची बादली होती. ती त्यानं खाली ठेवली.

"परत सांगा."

"माजं न्हाई म्हनतो."

सखाराम दावणीच्या कट्ट्यावर मटकन बसला. डोक्याचं मुंडासं काढून त्यानं तोंड पुसलं, आणि मग तो हसू लागला. बहिरू घाबरून बघतच राहिला.

"सुटलो म्हना की," सखाराम म्हणाला. "आवं, आयनं हळद लावली तवापासनं मी हिशेब करतोय. आता ह्याच्या तोडीचं सोनं सुनंच्या अंगावर कुटनं घालू? ही बैलजोडी इकली तरी न्हाई व्हायचं. समोर पाच मानसं. मला नगं, असं तरी कसं म्हनू? इतका मोठा इवाई मला झेपायचा न्हाई, असं मनात म्हनत व्हतो."

बहिरूही कट्ट्यावर टेकला. दोघं व्याही बैलांच्या तोंडासमोर शेजारी शेजारी बसले आणि बराच वेळ नुसते हसत राहिले. बहिरूचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत.

बयाबाईला सांगावंच लागलं. म्हातारी तशी समजूतदार, पण हळद लागलेलं ताटातून नुसतं उचलून कसं द्यायचं? "त्याच्या जागी तुमचं सोताचं कायतरी ठिवा," ती म्हणाली. बहिरूनं खिसे चाचपले. स्वतःचं म्हणावं असं कमरेच्या चंचीशिवाय काही नव्हतं. गंगीनं शिवलेली, लाल-हिरव्या कापडाची, चार खणांची चंची. ती त्यानं ताटात ठेवली. बयाबाईनं तिला हळदकुंकू लावलं, उघडून तंबाखूचा वास घेतला आणि म्हणाली, "ही बरी. हिचा उपेग तरी हाय."

सोयरीक टिकली. राहिला शेठ.

कुंकू पुसलं गेलं, पण हळद कातड्यात उतरली होती. दुसऱ्या दिवशी बहिरू मेहबूबच्या दुकानात गेला. मेहबूबनं डोळ्याला भिंग लावलं, पट्ट्यावर कापूस फिरवला, मान हलवली. "मशीन उत्तम आहे. पण हळद आहे बहिरूभाऊ, ती निघायची नाही. नवा पट्टा बसवून देतो, पण शेठना मूळचा पट्टा ओळखू येणार. सांगून मोकळे व्हा." मग भिंग काढून त्यानं विचारलं, "मुलीचं जमलं ना?" बहिरूनं हो म्हटलं. मेहबूबनं तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

शनिवारी शेठ आले. त्यांनी कपाट उघडण्याआधीच बहिरूनं सगळं सांगितलं, ताटापासून चंचीपर्यंत. शेठनी घड्याळ खिडकीपाशी नेलं. तपकिरी पट्ट्यावर दोन बोटांचा पिवळा डाग स्पष्ट होता. त्यांनी तो नखानं खरवडून पाहिला. बहिरूनं कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, कारण ती आता मागितली जाणार असं त्यानं धरलंच होतं.

"याची किंमत कशात होती ठाऊक आहे?" शेठ पाठमोरेच म्हणाले. "कुणाच्या हातात गेलं नव्हतं, यात."

"व्हय शेठ."

"आता हे कोरं म्हणून कोणी घेणार नाही."

"व्हय शेठ. काय कापायचं त्ये पगारातनं कापा."

शेठ वळले. रागावलेले होते, यात शंका नव्हती. पण त्यांनी जे विचारलं त्याची बहिरूनं अपेक्षा केली नव्हती.

"हातात कसं वाटतं रे?"

बहिरूनं खरं ते सांगितलं. "जाताना लय हलकं वाटलं शेठ. घातलंय का न्हाई त्येबी कळंना. येताना खिशात व्हतं, तवा मातर लय जड लागलं."

शेठ खुर्चीत बसले. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि पट्टा लावायला घेतला. सवय नव्हती, एका हातानं जमेना. बहिरूनं पुढं होऊन कडी लावून दिली. शेठनी हात लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला, कानाशी नेला. "चार वर्षं झाली विकत घेऊन," ते स्वतःशीच म्हणाले. मग किल्ली बहिरूकडं सरकवली. "उद्या त्या तिघांना चावी दे. हे माझ्याकडे राहू दे."

बहिरू बाहेर आला आणि आंब्याच्या आळ्यात गरज नसताना दोन बादल्या पाणी ओतलं. काहीतरी केल्याशिवाय त्याला राहवेना.

वैशाखात कार्ल्याला लग्न लागलं. शेठ मोटारीनं आले, पांढऱ्या कपड्यांत, मनगटावर ते घड्याळ आणि त्यावर तो पिवळा डाग. लोक वळून बघत होते आणि शेठ बाही जरा जास्तच वर ठेवत होते. मुहूर्त अकरा बत्तीसचा. अंतरपाट धरला गेला, भटजींनी अक्षता वाटायला सांगितलं आणि विचारलं, "वेळ काय झाली?"

शेठनी ऐटीत हात वर केला. "सात वाजून दहा मिनिटं."

डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं.

बहिरूच्या ध्यानात आलं. गेले तीन महिने ते घड्याळ शेठकडं होतं. मुंबईत त्यांच्या बायकोनं नाहीतर मुनीमानं चावी दिली असेल. काल रात्री ते बंगल्यावर उतरले आणि आज सकाळी बहिरू मांडवात होता. घड्याळाला चावी द्यावी लागते, हे शेठच्या कधी डोक्यातच आलं नसावं.

मेहबूब पाहुण्यांत बसला होता. त्यानं आपलं जुनं घड्याळ पाहून सांगितलं, "अकरा सव्वीस." बहिरू अक्षता डाव्या हातात घेऊन शेठपाशी गेला, त्यांचं मनगट धरलं आणि काटे फिरवून वेळ लावली. मग तो चावी देऊ लागला, बोट अडेपर्यंत, जोर न करता. मुलीचा बाप अंतरपाट सोडून हे काय करतोय, म्हणून सगळा मांडव माना उंचावून बघत होता.

बयाबाई पुढंच बसली होती. तिला काहीतरी चकाकताना दिसलं.

"त्ये आमच्या ताटातलं का रं?" तिनं विचारलं. "कुनाचं हाय त्ये? मी इसरले."

बहिरूनं मान वर केली. पाच नव्हे, पाचशे माणसं समोर होती.

"शेठचं हाय, आजी," तो मोठ्यानं म्हणाला, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा. "शेठचं हाय. मी नुसती चावी देतो."