ठिगळी बोळात पाऊल टाकेना

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पडदेवाल्या काकू राहतात. पडदे शिवतात म्हणून पडदेवाल्या. त्यांच्याबरोबर त्यांची थोरली नणंद असते. तिला सगळेच अक्का म्हणतात, काकूसुद्धा. काकूंचे यजमान गेले तेव्हा लोकांनी पैज लावली होती, की या दोघी आता महिनाभरही एका छपराखाली राहायच्या नाहीत. झालं उलटंच. "ज्याच्यावरून भांडायचो तोच राहिला नाही," काकू सांगायच्या, "मग भांडायला मजा येईना."

अक्का इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण थिएटर काही अंगातून गेलं नाही. चादरीचे कोपरे खोचून ताणलेले, नखं मुळापासून कापलेली, आणि फरशी अशी, की सांडलेलं उचलून खावं. खुद्द यम दारात आला तरी अक्का त्याला आधी पाय धुवायला लावतील, असं आम्ही पाठीमागे म्हणायचो. पुढ्यात बोलायची कुणाची छाती नव्हती.

अशा घरात मांजर आलं.

ती जिन्याखाली विजेच्या मीटरांपाशी राहायची. तीन रंगांची, एका कानाचा तुकडा गेलेली, कुणालाही अंगाला हात लावू न देणारी. एके दिवशी गाडीखाली तिचा मागचा पाय सापडला. काकूंनी तिला पडद्याच्या कापडात गुंडाळली आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. पाय वाचला. "पण ही आता लंगडणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रस्त्यावर सोडलीत तर फार दिवस काढायची नाही."

काकू तिला घेऊन घरी आल्या. तुकडे जोडून शिवल्यासारखी दिसते म्हणून नाव ठेवलं ठिगळी.

अक्कांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "राहू दे. पण घरात घाण केली, की बाहेर. एक पाय लंगडा असो नाहीतर चारही."

ठिगळीने पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पडद्याच्या अस्तरावर कार्यक्रम उरकला. काकूंनी ते अस्तर अक्का न्हाणीघरात असताना धुतलं आणि वाळत घालताना वर माझ्या गॅलरीत आणून घातलं. तेव्हापासून मी या कटात सामील झाले.

बाजारातून आणलेली मांजरांची वाळू काकूंनी एका पसरट टबात घातली. ठिगळीने ती हुंगली आणि तोंड फिरवलं. उघड्या मातीत जन्म गेलेल्या जनावराला ती पांढरी, कोरडी वाळू म्हणजे काय, ते कळणार कसं? मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून काकूंनी इमारतीमागच्या मोकळ्या जागेतली माती आणली, तिचीच, जिथे ती पूर्वी जायची तिथली. टब न्हाणीघराकडे जाणाऱ्या अरुंद बोळात ठेवला. ठिगळी आली, तिने माती उकरली, बसली, आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवायची असल्यासारखी घाण नीट झाकून ठेवली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे रोज मूठभर माती कमी, मूठभर वाळू जास्त असं करत त्यांनी तिला वाळूवर आणलं.

एकच पथ्य होतं. टब साध्या पाण्याने धुवायचा, आणि बोळात फिनेल नको. मांजराला तो वास सहन होत नाही. अक्कांना हे सांगायला काकू घाबरत होत्या, पण अक्का म्हणाल्या, "कळलं. बोळ सोडून बाकी घर माझं." अक्का शब्दाच्या पक्क्या. त्यांनी तो शब्द पाळला आणि पुढे त्यांनाच ठिगळीचा लळा लागला. दुपारी त्या आरामखुर्चीत बसल्या की ठिगळी त्यांच्या पावलांवर अंग टाकायची. "पेशंट शांत आहे," त्या मला सांगायच्या.

सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी अक्कांच्या अंथरुणाच्या कोपऱ्यात ओल सापडली.

काकूंनी चादर बदलली. झालं असेल एखाद वेळ. पण मग अक्कांच्या चपलेत झालं. मग शिवणयंत्राखालच्या चिंध्यांत. टब जिथल्या तिथे, वाळू स्वच्छ, आणि ठिगळी त्याच्याकडे फिरकायची नाही. दिवस दिवस ती पोटात धरून ठेवायची आणि शेवटी जिथे असेल तिथे बसायची. खाणंही सुटलं. अंगावर हात फिरवला तर कातडीखाली हाडं लागायची.

मी एकदा दुपारी खाली गेले तेव्हा ते पाहिलं. ठिगळी बोळाच्या तोंडाशी उभी होती. बोळात कुणी नव्हतं. टब, बादली, कोपऱ्यात उभं केलेलं फडकं, एवढंच. ती त्या रिकाम्या जागेकडे एकटक बघत होती आणि तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले होते. तिने एक पाय पुढे टाकला, तो हवेतच थांबवला, आणि मग ती मागे सरकत सरकत आली. पाठ न फिरवता.

मीही नकळत एक पाऊल मागे घेतलं.

"रोज असंच करते," आरामखुर्चीतून अक्का म्हणाल्या. "तिला तिथे काहीतरी दिसतं."

"काय दिसतं?"

"मला काय ठाऊक? मला नाही दिसत. पण असतं तिथे. मीही एकटी असले की मला वाटतं, कुणीतरी नुकतंच तिथून उठून गेलंय. फरशी ओली असते."

अक्का अशा बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. आयुष्यभर मेलेली माणसं बघितलेली बाई. तिने भुताखेतांच्या गप्पा ऐकल्या तरी नाक मुरडलं असतं. मी उठले. घरात फिनेलचा वास होता, पण त्या घराला तो वास कायमचाच. माझ्या मनात काही आलं नाही. काकूंच्या मनात येण्याचा प्रश्नच नव्हता. वर्षानुवर्षं कापडाचे तंतू नाकात जाऊन त्यांना करपलेल्या दुधाचाही वास येत नसे.

काकूंनी ठिगळीला पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली. काही निघालं नाही.

"ही सूड घेतेय का हो आमच्यावर?" काकूंनी विचारलं.

"मांजर सूड घेत नाही. ते घाबरतं. तिथे काय बदललं? जागा? वाळू? काही उग्र वास?"

"काही नाही. सगळं तसंच."

"मग तुम्ही नसताना घरात काय होतं?"

काकूंना त्या प्रश्नाचा राग आला. पण रिक्षातून येताना तोच प्रश्न डोक्यात भुंग्यासारखा फिरत राहिला. त्या दिवसभर पडद्यांच्या दुकानात असायच्या, कधी लोकांच्या घरी मापं घ्यायला. घरात फक्त अक्का. अक्का तिला मारत तर नसतील? विचार आला तशी काकूंनी जीभ चावली. पण मग त्यांना अक्कांचे हात आठवले. अलीकडे ते लाल, भेगाळलेले असायचे, बोटांच्या पेरांची सालं निघालेली. विचारलं तर अक्का हात पदराआड घ्यायच्या. आणि फिनेलची बाटली आणावी, तर ती आठवडाभरही टिकत नव्हती. "दुकानदार पाणी घालून विकतो मेला," असं अक्कांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी काकू नेहमीसारख्या निघाल्या, कोपऱ्यावरच्या बाकावर थोडा वेळ बसल्या, आणि परत आल्या. आपल्याच घरात चोरासारखं शिरताना त्यांनी किल्ली हळूच फिरवली.

ठिगळी कपाटाच्या अगदी वर, छताला टेकून बसली होती. बोळात अक्का गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होत्या. टबातली वाळू केराच्या डब्यात गेली होती आणि रिकामा टब बादलीशेजारी, फिनेलच्या पांढऱ्या पाण्याने भरलेला. अक्का घासत होत्या. घासताना ओठ हलत होते.

"अक्का?"

"आलीस? बरं झालं. सकाळपासून हात लागला नव्हता बघ बोळाला. आत्ता पहिल्यांदा घेतलं फडकं."

काकूंनी अक्कांना हात देऊन उठवलं, खुर्चीत बसवलं, चहा दिला. दोघी चहा प्यायल्या. अक्का दुकानातल्या गमती विचारत होत्या, हसत होत्या, अगदी नेहमीसारख्या. कप खाली ठेवून त्या उठल्या, बोळाच्या तोंडाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या.

"अगं वहिनी, हे काय? सकाळपासून पुसलंच नाही कुणी इथे." आणि त्यांनी बादली उचलली.

काकू खुर्चीतच बसून राहिल्या. अक्कांनी बोळ पुसला, फडकं पिळलं, येऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांची नजर पुन्हा बोळाकडे गेली. पुन्हा तेच आश्चर्य, तेच वाक्य, तीच बादली. फरशी अजून वाळलीही नव्हती. कपाटावरून ठिगळी बघत होती आणि खालून काकू बघत होत्या.

शेवटी काकूंनी जाऊन त्यांचा हात धरला. "अक्का, पुरे आता. झालंय स्वच्छ."

अक्कांनी मान वर केली. चेहरा शांत, आवाज मऊ, पण तो आवाज काकूंनी घरात कधी ऐकला नव्हता.

"इथे थांबता येणार नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर यायची वेळ झाली. तुम्ही पेशंटच्या कोण?"

हे मला सांगताना काकू म्हणाल्या, "मी काय सांगणार? म्हटलं, भावजय."

तपासण्या झाल्या. विस्मरणाचा आजार, मागे न फिरणारा. डॉक्टरांनी विचारलं, सुरुवात कधीपासून वाटते? काकूंना सांगता येईना. अक्कांनी स्वतःच्या विसरण्यावर इतक्या सफाईने चादर घातली होती, की वाण्यापासून माझ्यापर्यंत कुणालाच संशय आला नाही.

काकूंनी दुकान सोडलं. काम घरी आणलं. टब आता शिवणयंत्राच्या खोलीत असतो. मागच्या मोकळ्या जागेतून पुन्हा माती आणली आणि पुन्हा मूठ मूठ करत पहिल्यापासून सुरू केलं. ठिगळीला यायला वेळ लागला, पण आली. मग ती फिरून कधी चुकली नाही. फिनेलच्या बाटलीत काकू साबणाचं पाणी भरून ठेवतात. अक्का त्याने बोळ पुसतात, दिवसातून कितीदाही. काकू त्यांना अडवत नाहीत. फडक्याचा सपसप आवाज येतोय तोवर काकूंचं यंत्र चालतं. आवाज थांबला की यंत्रही थांबतं आणि त्या कान देऊन बसतात.

कारण एकदा आवाज थांबला आणि काकूंच्या लक्षात आलं नाही. अक्का सापडल्या त्या जुन्या इस्पितळाच्या फाटकापाशी, अनवाणी, कामावर उशीर झाला म्हणून पहारेकऱ्याची माफी मागत.

त्यानंतर दाराला वरच्या बाजूला कडी बसली, हात सहजी पोचणार नाही अशी. परवा मी खाली बसले असताना अक्का त्या कडीकडे बराच वेळ बघत होत्या.

"वहिनी, ही कडी कुणासाठी गं?"

यंत्रावरून मान वर न करता काकू म्हणाल्या, "ठिगळीसाठी. बाहेर पडते."

"बरं केलंस," अक्का म्हणाल्या. "बिचारीला परत यायची वाट सापडायची नाही."