मेलेली मरळ

लग्न होऊन मी बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी आले, तेव्हा माशांतलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. आम्ही भोई. माहेर घटप्रभेच्या काठी, सासर तळ्याच्या काठी. सासऱ्यांच्या आजोबांनी बेंगळूरला येऊन पहिलं जाळं टाकलं, तेव्हापासून ही माणसं घरात मराठी आणि पाण्यावर कानडी बोलत आलेली. सासरे रोज सकाळी काठावरचा मूठभर चिखल उचलून हुंगायचे, पाणी कसं आहे ते त्यावरून सांगायचे. मी पदराआड हसायची. लोक नाक धरून चिखलातून जातात, आणि आमच्या घरी तो अत्तरासारखा!

"काठाची बारीक मासळी गेली," ते म्हणायचे. "आता नुसती चिलापी. ती कशातही जगते."

"मग बरंच की मामंजी, जाळं तर भरतंय."

यावर ते माझ्याकडे असे बघत, जणू माहेरून भांडी आली, अक्कल यायची राहिली.

त्या उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या ओढ्यातून काळपट पाणी उतरू लागलं होतं. एके सकाळी सासरे पलीकडच्या काठाची जाळी बघायला गेले, आमचे हे सायकलवर पाटी बांधून बाजाराला. मी भांडी घासायला काठावर गेले, तर ओढ्याच्या तोंडाशी मासे उताणे पडलेले. त्यांत तीन मरळी!

घाबरायचं सोडून मला आनंद झाला. माहेरी उन्हाळ्यात नदीचे डोह उरले की आम्ही गेळफळं ठेचून पाण्यात टाकायचो. मासे गुंगून वर यायचे, सगळा गाव गोळा करायचा, खायचा, कुणाला काही होत नसे. मला वाटलं, इथंही कुणीतरी गेळफळ टाकलंय. कुणी टाकलं, हे विचारावंसंही वाटलं नाही. सगळ्यांत जाड मरळ उचलली आणि चिंचेचं दाट कालवण केलं.

दुपारी हे आले, भुकेनं कावलेले. एका दमात अर्धी मरळ संपली. "अगं, स्वल्प आणखी वाढ," म्हणाले. मी फुशारून वाढलं. बायकांनी मागून जेवायचं, म्हणून मी वाचले. पुण्याई वगैरे काही नाही.

तेवढ्यात सासरे आले. पातेल्यात डोकावले.

"मरळ कुठली?"

"आपल्याच तळ्यातली. ओढ्याच्या तोंडाशी पडल्या होत्या."

"पडल्या होत्या? उचललीस ती हलत होती?"

"नाही. गार होती."

सासरे खाली बसले. त्यांचा आवाज मी कधी एवढा बारीक ऐकला नव्हता. "पोरी, मरळ वर येऊन तोंडानं वारा घेते. पाणी आटलं तर चिखलात राहते. घागरीत चार दिवस ठेव, मरत नाही. पाणी नासलं तर दुसरे मासे मरतात, मरळ नाही. ती मेली, म्हणजे पाण्यात काय आलंय?"

माझ्या हातातला डाव खाली पडला. ह्यांचा घास तोंडातच राहिला.

मग सासऱ्यांनी तांब्याभर मिठाचं पाणी कालवलं. "पी, गाढवा."

"आप्पा, इतकं चांगलं झालं होतं हो."

"पी म्हणतो ना!"

परसात जाऊन ह्यांनी ओकून टाकलं, पण सगळं पडलं की नाही कोण सांगणार? दवाखाना लांब. सायकलवरून न्यावं, तर घरात सायकल येणारा माणूस एकच, आणि तोच भिंतीला टेकून बसलेला. सासरे त्यांचं मनगट धरून बसले. डोळा मिटला की गालावर चापट. "बोलत राहा. बाजारात काय झालं ते सांग." मी ओठ काळे पडतात का बघत होते. ते तंबाखूनं आधीच काळे. मग नखं बघितली. ती चिखलानं. ह्यांना जरा उचकी लागली तरी मी तांब्या घेऊन धावायची. मी मनातल्या मनात यल्लम्माला एकेक वस्तू सोडत गेले. आधी मरळ, मग सगळे मासे, मग चहा. चहापाशी थोडी अडखळले, खोटं कशाला बोलू.

उन्हं उतरली. हे म्हणाले, "भूक लागली."

मी चुलीपाशी जाऊन ओक्साबोक्शी रडले.

"कोरडा भात दे त्याला," सासरे म्हणाले. उरलेलं कालवण त्यांनी खड्डा खणून पुरलं, वर दगड ठेवला. चिखल हुंगायला मात्र ते दुसऱ्या दिवशी गेले नाहीत.

धंदा तोच, तळं तेच, नवस बोलले तरी खायचं काय दुसरं? चार दिवसांनी पुन्हा मासा शिजला. मी वाढायला डाव उचलला, तर सासरे म्हणाले, "थांब. आधी मला."

तेव्हापासून पहिला घास त्यांचा. पाहुण्यांना वाटे, वडीलधाऱ्याचा मान. ते एकटे दोन घास खात, उठून उंबऱ्यावर तळ्याकडे तोंड करून बसत. हे रिकाम्या ताटापुढं, मी पातेल्यापाशी, दोघं त्यांच्या पाठीकडे बघत बसायचो. पदराआड हसणारी मी, आता पदर दातात धरून. कालवण गार व्हायचं, वर तवंग गोठायचा.

मग ते न वळताच म्हणायचे, "हं. वाढ."