अक्काच्या पाठीचं चित्र

"हा गियान-बारे सिंड्रोम आहे," हैदराबादच्या रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले. या आजारात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडत जातात, हे त्यांनी समजावून सांगितलं. "बहुतेक रुग्ण बरे होतात, पण वेळ लागतो. सध्या आम्हाला तुमच्या श्वासाची काळजी आहे."

मी मान हलवली. तेवढीच नीट हलत होती.

बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी अ‍ॅनालिस्ट आहे. औषधाच्या नमुन्यात काय आणि किती आहे, हे तपासायचं माझं काम. जुलाबाच्या आजारातून उठले होते, आणि काही दिवसांतच तळपायांना मुंग्या यायला लागल्या. थकवा असेल म्हणून सोडून दिलं. मग एका सकाळी द्रव मोजायची काचेची पिपेट बोटांतून निसटून फुटली. पुढच्या दिवशी घराची पायरी चढता येईना.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. नसांमधून संदेश किती वेगाने जातो, ते यात मोजतात. रिपोर्ट मीच वाचला. आकडे वाचण्यात आयुष्य गेलं, पण ते आकडे वाचवेनात.

आयसीयूत इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं. निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेली ही प्रथिनं सलाईनसारखी शिरेतून देतात. नर्स रोज एका दमात अंक म्हणायला लावायची. रोज दम आदल्या दिवसापेक्षा लहान अंकावरच संपायचा. व्हेंटिलेटर खाटेशेजारी आणून ठेवला होता. मग एके दिवशी मी आदल्या दिवसाच्या अंकापुढे गेले. नर्सने माझा खांदा दाबला.

मी एकटीच राहते. मन्नाएखेळ्ळी गावात राहणारी माझी थोरली बहीण, अक्का, शेत जावेवर टाकून आली होती. बीदरला घरी आल्यावर मला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं तीच करायची.

"कामून रडायलीस? बरी व्हतीस म्हणायलेत की डॉक्टर," ती म्हणायची आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

बोटं मात्र ऐकेनात. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पकड बसावी म्हणून रंगाच्या एका ब्रशच्या दांड्याला स्पंज गुंडाळून तो माझ्या हातात दिला. "चित्र काढू नका. नुसता हात फिरवा," त्या म्हणाल्या. पहिली रेघ थरथरत कागदाबाहेर गेली. मी कागद चुरगाळला.

"चुरगाळायलीस कामून?" अक्का म्हणाली. "हितं कोण तपासायलंय तुला?"

खरंच कोणी तपासत नव्हतं. शाळेनंतर मी पहिल्यांदाच रंगाशी नुसती खेळत होते. प्रयोगशाळेत थेंब थेंब रसायन सोडताना द्रावण गुलाबी झालं की हात थांबवायचा असतो. इथं थांबायची घाई नव्हती. दुपारच्या व्यायामाची मी सकाळपासून वाट बघू लागले.

अक्का खिडकीशी बसून ज्वारी निवडायची, माझ्याकडे पाठ करून. मी तीच पाठ रंगवायला घेतली. हिरवं लुगडं, सैल अंबाडा. बरेच दिवस लागले.

अक्काने चित्र हातात घेऊन बघितलं. "मी इतकी वाकले व्हय गं?"

मी कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. रेघ चुकली नव्हती. मला उचलून उचलून तिची कंबर गेली होती. इतके दिवस समोर असूनही ते मला दिसलं नव्हतं. तिने सांगितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आल्या, तेव्हा मी म्हणाले, "आधी अक्काला तपासा." अक्का हातवारे करत "मला काय बी झालं न्हाई" म्हणत राहिली. त्यानंतर आम्ही दोघी शेजारी शेजारी व्यायाम करायचो. मला उचलायला एक बाई ठेवली.

आता मी कामावर जाते, काठी घेऊन. बोटांची टोकं अजून बधिर आहेत, म्हणून पिपेट दुसरे धरतात आणि मी निष्कर्ष तपासते. सुट्टीला रंगवते. दोन्ही कामं मला लागतात.

हाच आजार वाट्याला आलेल्यांना एवढंच सांगेन. धीर धरा, श्वास जड वाटला तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा. आणि उशाशी बसलेल्या माणसाकडे रोज थोडा वेळ नीट बघा. त्यालाही काही दुखत असेल.