काट्याच्या कडेनं जाणारी सुरी

निजामाच्या अख्ख्या मुलखात सुरी या एका वस्तूवर आमच्या दाजींइतका विचार केलेला माणूस झाला नसेल, आणि झाला असलाच तर त्याच्या बायकोची मला कीव येते, कारण दाजींची बायको म्हणजे माझी थोरली आक्का. तिला बघायला ते आमच्या घरी आले, गूळपाणी झालं, आणि हे गृहस्थ उठून सरळ चुलीपाशी गेले. बायकांच्या घोळक्यात आक्का मान खाली घालून बसलेली. तिच्याकडे एक नजर टाकून त्यांनी कोपऱ्यातली विळी उचलली, अंगठ्यानं धार पाहिली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मामा, पोरगी पसंत हाय. पर ह्या विळीला कुणी धार लावली? लई बोथट हाय." वडील पुढं कित्येक वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगत, आणि प्रत्येक वेळी विळी तेव्हा चांगली होती असं वर बजावत.

दाजींचं गाव कडा या बाजारगावापासून दोन कोसांवर, सीना नदीच्या काठी. घरची शेती बरी होती, पण दाजींचा जीव नदीत. भोयांनी जाळं ओढलं की हे मोट सोडून काठावर हजर. हळू चालणं त्यांना ठाऊक नव्हतं आणि हळू बोलणं तर मुळीच नव्हतं. माशांचा हा नाद त्यांनी आईकडून उचलला होता. म्हातारी मासा असा खायची की ताटात उरलेला काटा धुऊन घेतल्यासारखा दिसायचा. पुढं तिचे दात गेले, नजर गेली, आणि एका दुपारी रोहूचा काटा तिच्या घशात रुतला. आक्का सांगायची, म्हातारी काळीनिळी पडली होती. भाताचे गोळे गिळून, पाठीत गुद्दे घालून एकदाचा काटा सुटला. ती पाणी प्याली आणि म्हणाली, "झालं आता. ह्यापुढं मला मासा नगं." त्या दिवसापासून घरात कालवण शिजलं की ती उठून ओसरीवर जाऊन बसायची, आणि वास आत ओढून घेत असल्यासारखी नाक वर करायची.

दाजींना ते बघवेना. त्यांनी तिढा मनाशी सोडवला. मरळ मासा घ्यायचा, कारण त्याला मधला एकच मोठा काटा, बाकी बारीक जाळं फारसं नाही. तो काटा दोन्ही अंगांनी सोडवून मांसाच्या अख्ख्या पट्ट्या काढल्या की म्हातारीनं डोळे मिटून खावं. अडचण हत्याराची. विळी जागची हलत नाही, तिच्यावर माशाचे आडवे तुकडे पडतात आणि तुकड्यातुकड्यात काटा राहतो. "पातं काट्याच्या कडेकडेनं सरपटत गेलं पायजे, पावणं," ते मला समजावत, आणि हातानं हवेत मासा चिरून दाखवत. "काटा वाकला की त्यानं बी वाकायचं."

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत उर्दू कागद उतरवून काढायच्या कामावर होतो. सुट्टीला आक्काकडं जावं तर जेवण दूरच, आधी सुरी दाखवायची. एक इतकी जाड की तिनं मासा कापण्याऐवजी चेपला. एक पातळ, पण इतकी लांबट की पोट फाडताना पित्त फुटून सगळं कडू झालं. मग त्यांनी गावच्या न्हाव्याला गोड बोलून त्याचा वस्तरा आणला. वस्तरा कातडीतून लोण्यासारखा गेला आणि कण्यावर आपटून त्याच्या धारेला दाता पडला. दाजींनी तो पुसून मुकाट्यानं परत केला. दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं गावच्या पाटलाची दाढी केली, आणि गालांना माशाचा वास लागलेले पाटील दिवसभर मांजरांकडं संशयानं बघत चावडीत बसले होते.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी दाजींनी मला बैलगाडीत घातलं. पायाशी पाण्याची घागर, घागरीत हातभर लांब जिवंत मरळ. मी विचारलं, "दाजी, हा कावून?"

"जोडा घेताना पायात घालून बघत्यात का न्हाई? मग."

कड्याच्या बाजारात लोखंडी सामानाची तीन दुकानं मांडलेली होती. दाजी सुरी उचलायचे, टोक फळीवर टेकवून पातं वाकवायचे, नखावर धार ओढायचे, मूठ ओली करून घसरते का बघायचे. एका दुकानदारानं घागरीत डोकावून पाहिलं, आणि त्या गळ्यात माळ घातलेल्या माणसानं आम्हाला हात जोडून पुढं जायला सांगितलं. उरलेल्या दोघांकडं एकही पातं लवेना. दाजींचा चेहरा पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

परत फिरताना चिंचेखाली एक म्हातारा शिकलगार दिसला. सुऱ्याकात्र्यांना धार लावणारा तो माणूस, दुपारचं खायला बसला होता आणि फळीवर कांदा चिरत होता. दाजी जागीच थांबले. त्याच्या हातातलं पातं वर्षानुवर्षं चाकावर घासून करंगळीएवढं अरुंद झालं होतं आणि कांद्यावर दाबलं की हलकेच लवत होतं.

"चाचा, ही सुरी द्या मला."

"नक्को भाई. ये बेचने की नै. ये मेरी हाताची है."

दाजी त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. म्हातारीचे दात, घशातला काटा, ओसरीवर जाऊन बसणं, सगळं सांगितलं. शिकलगारानं ऐकून घेतलं, सुरी धोतराला पुसली आणि पुढं केली. "काट के दिखाव."

शेजारच्या चुलीतली राख हाताला चोळून मी निसटता मरळ धरला. दाजींनी त्याला डोक्यात मारून शांत केलं, कल्ल्यामागं पातं घातलं आणि कण्याला लावून शेपटीकडं ओढलं. खर्रर्र असा बारीक आवाज होत गेला. भोवती माणसं जमली, बाजार थांबल्यासारखा झाला. एक पट्टी सुटली, मग दुसरी, आणि मधला काटा अख्खा, नितळ, फळीवर उरला. माझ्याच अंगावर काटा आला. शिकलगारानं एका पट्टीवरून डोळे मिटून बोट फिरवलं. मग सुरी पालथी करून मूठ दाजींकडं केली. "ले जाव. माँ को खिलाव." बदल्यात त्यानं एक पट्टी तेवढी ठेवून घेतली.

त्याच दिवशी दिवेलागणीच्या आधी आक्कानं कालवण केलं. म्हातारी सवयीनं उठली, तर दाजींनी तिचा हात धरून बसवलं आणि पहिला घास स्वतः भरवला. ती बराच वेळ जिभेनं काटा शोधत राहिली. मग तिनं गिळलं, आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." दाजी उठून अंगणात गेले ते बराच वेळ आत आले नाहीत.

पुढं चार पावसाळे म्हातारीनं पोटभर मासा खाल्ला. ती गेल्यावर दाजी स्वतःसाठी कधी काटा काढत बसले नाहीत. "मला दात हायेत," म्हणायचे.

मी त्यांच्याकडं शेवटचा गेलो तेव्हा ते दातही राहिले नव्हते आणि आक्काही राहिली नव्हती. मी नको नको म्हणत असताना त्यांनी मरळ मागवला, सुनेला बाजूला सारलं आणि मासा डोळ्यांशी धरून माझ्यासाठी पट्ट्या काढल्या. जेवायला बसल्यावर समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत राहिले. तिसऱ्या घासाला माझ्या जिभेला काटा लागला, चांगला बोटाच्या पेराएवढा. मी तो ओठातून अलगद काढला आणि मांडीखाली सरकवला.

"लागला का कुठं?" दाजींनी विचारलं.

"न्हाई दाजी," मी म्हणालो. "एक बी न्हाई."